विवाहसंगीताची निवड आणि जॅझ : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विवाहप्रसंगी कोणते संगीत असावे हा वरकरणी आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. तथापि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात तो जात, उपजीविका, प्रतिष्ठा आणि सुधारणा यांच्याशी निगडित राहिलेला आहे. अलीकडे मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत होणाऱ्या लहान विवाहांत जॅझ संगीताचा विचार होऊ लागला आहे. भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांच्या संदर्भात ही निवड कितपत परकी आहे आणि तिची ऐतिहासिक पाळेमुळे कोठे सापडतात, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. गावोगावचा लग्नाचा बँड आणि अमेरिकेतील जॅझ या दोहोंच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकातील लष्करी वाद्यवृंद आहे, तसेच जॅझचे स्वर चित्रपटसंगीताच्या मार्गाने मराठी वरातीत पूर्वीच येऊन पोहोचले होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : विवाहसंगीत, सनई-चौघडा, ब्रास बँड, जॅझ, भोर संस्थान, सत्यशोधक विवाह.

प्रस्तावना

इतिहासलेखनात राज्यकर्ते, लढाया, करार आणि महसूल यांना जे स्थान मिळाले, ते गावच्या वाजंत्र्याला मिळाले नाही. वस्तुतः ज्याच्या वादनाशिवाय कोणत्याही घरचे मंगलकार्य पूर्ण होत नसे, असा हा घटक होय. विवाहाच्या खर्चाची चर्चा समाजसुधारकांनी केली, विधींची चर्चा धर्मशास्त्रज्ञांनी केली, गीतांची चर्चा लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी केली. परंतु विवाहात वाजवणारा कोण, त्याला कोणी बोलावले आणि त्याच्या वाद्याची निवड कोणी केली, हे प्रश्न बव्हंशी उपेक्षित राहिले.

पुणे शहराच्या विस्ताराबरोबर भोर-वेल्हे परिसरात शेतघरे व कृषी पर्यटन केंद्रे उभी राहिली. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी किंवा भाटघर-पानशेतच्या जलाशयांकाठी घरगुती स्वरूपाचे विवाह करण्याकडे काही शहरी कुटुंबांचा कल दिसतो. अशा विवाहात ध्वनिक्षेपकाच्या भिंती नकोत, पण संगीत तर हवे, अशी अपेक्षा असते. जॅझचा पर्याय पुढे येतो तो या ठिकाणी. या निवडीकडे निव्वळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणून पाहणे सोपे आहे. तथापि तसे पाहिल्याने एक मोठा ऐतिहासिक दुवा नजरेआड होतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भोर-वेल्हे परिसरातील विवाहसंगीताची पारंपरिक कार्ये व त्यामागील सामाजिक रचना समजून घेणे.
२) लग्नाचा बँड आणि जॅझ यांतील ऐतिहासिक संबंध तपासणे.
३) लहान विवाहाची महाराष्ट्रातील परंपरा लक्षात घेऊन जॅझच्या निवडीचे निकष मांडणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे. भारतीय लग्नाच्या बँडविषयी ग्रेगरी बूथ यांचा ‘ब्रास बाजा’ (२००५) आणि मुंबईच्या जॅझविषयी नरेश फर्नांडिस यांचा ‘ताज महल फॉक्सट्रॉट’ हे ग्रंथ या विषयात मार्गदर्शक ठरतात.

१. अभ्यासक्षेत्राची पार्श्वभूमी

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यातून पुढे पंतसचिवांचे भोर संस्थान आकाराला आले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे या संस्थानाचे तालुके होते. यांपैकी प्रचंडगड म्हणजे तोरणा होय. म्हणजेच आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांचा मोठा भाग दीर्घकाळ एकाच संस्थानी सत्तेखाली होता. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर भोरचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक संदर्भामुळे वेल्हे हेच नाव वापरले आहे.

भौगोलिकदृष्ट्या हा प्रदेश सह्याद्रीच्या माथ्यावरचा आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरता येते, तर कापूरहोळ व चेलाडी फाट्यांवरून अनुक्रमे भोर आणि वेल्ह्याचे रस्ते पुणे-सातारा महामार्गाला मिळतात. एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला पुणे आणि पोटापाण्यासाठी मुंबई अशी या भागाची तिहेरी ओढ राहिली. पुणे-सातारा जिल्ह्यांच्या डोंगरी पट्ट्यातील असंख्य पुरुष गिरणी, गोदी आणि माथाडी कामासाठी मुंबईस गेले. संगीताच्या देवाणघेवाणीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. कारण मुंबईत जे वाजत होते, ते चाकरमान्यांबरोबर गावी येत होते.

२. विवाहातील संगीताची कार्ये

मराठी विवाहातील संगीताची स्थूलमानाने चार कार्ये सांगता येतात.

पहिले कार्य वर्दी देण्याचे. मांडवदारी सनई वाजू लागली की या घरी कार्य आहे हे साऱ्या गावाला समजते. दुसरे कार्य क्षण अधोरेखित करण्याचे. मंगलाष्टके चालू असताना वाद्ये थांबतात आणि अंतरपाट दूर होताच एकदम वाजू लागतात. मुहूर्ताची घटका डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या मागच्या रांगेतील पाहुण्यालाही ती कानांनी कळते. तिसरे कार्य चालण्याचे. देवक आणणे, नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक आणि शेवटची वरात या सर्वांना पावलांशी जुळणारा ठेका लागतो. हलगी, ताशा आणि पुढे बँड यांचे क्षेत्र ते हेच. चौथे कार्य बसून ऐकण्याचे. लग्नानंतर होणारा गोंधळ किंवा खंडोबाचे जागरण रात्रभर चालते. संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी कथा लावतो आणि घरचे लोक व पाहुणे ती ऐकत बसतात.

या चार कार्यांखेरीज एक पाचवा प्रवाह स्त्रियांचा आहे. घाणा भरताना, हळद दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या हे विवाहाचे मूळ घरगुती संगीत होय. त्याला वाद्य नाही, मोबदला नाही आणि श्रोताही वेगळा नाही. गाणारीच ऐकणारी असते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागासह अनेक गावांतून जात्यावरच्या ओव्यांचे विशाल संकलन केले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहालयाच्या माध्यमातून प्रकाशित होत आहे. विवाहाच्या संगीतात मंडपाबाहेरचे पुरुषांचे वादन आणि घरातले स्त्रियांचे गायन अशी दोन दालने होती, हे या संग्रहावरून ध्यानात येते.

३. वाजवणारा कोण?

विवाहसंगीताची निवड ही काही शतके वाद्याची निवड नव्हती. गावात कोण वाजवणार हे जन्माने ठरलेले असे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये घडशी, गुरव, मांग, महार आदी समाजांची वर्णने आढळतात. सनई फुंकणे, हलगी बडवणे, शिंग वाजवणे ही कामे विशिष्ट समाजांकडे बलुत्याच्या किंवा वतनाच्या नात्याने आलेली होती. मोबदला धान्यात, कापडात किंवा मानाच्या नारळात मिळे. जो वाजवी तो मांडवाच्या बाहेर उभा राही आणि पंगत शेवटी मिळे. ज्याच्या फुंकरीने कार्य मंगल होई, त्यालाच मंगल मानले जात नसे, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होती.

वरंधा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या महाड येथे मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद झाली, तिने हीनत्व लादणाऱ्या गावकीच्या कामांवर प्रश्नचिन्ह उभे केले. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. हक्क म्हणून दिलेले काम नाकारण्याचा अधिकार हा संगीताच्या इतिहासातीलही एक टप्पा आहे. सक्तीचे वादन सुटल्यावरच वादन हा व्यवसाय होऊ शकतो आणि वाजवणारा आपला दर सांगू शकतो. गावकीतून बाहेर पडलेल्या काही वादक कुटुंबांना बँडने ही संधी दिली. बँडमध्ये गणवेश होता, सुपारी होती, रोख बिदागी होती आणि गावाबाहेर जाऊन वाजवण्याची मोकळीक होती. अर्थात व्यवसाय बदलला म्हणून दृष्टी लगेच बदलली नाही. बँडवाला मिरवणुकीत सर्वांत पुढे चालत असला तरी मंडपातील खुर्ची त्याच्यासाठी नसे.

४. एकाच मुळाच्या दोन शाखा : बँड आणि जॅझ

जॅझ हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात घडले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हाती लष्करी पद्धतीच्या बँडमधील कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन आणि ढोल ही वाद्ये आली. त्यांच्या परस्पर साहाय्य मंडळ्या सभासदाच्या अंत्ययात्रेला बँड लावीत असत. दफनभूमीकडे जाताना संथ भजने आणि परतताना उत्साही चाली, असा त्यांचा क्रम असे. संचलनासाठी लिहिलेल्या ठरीव चालींत आफ्रिकी लयबोध आणि ब्लूजमधील स्वरांची ओढ मिसळली. त्या वादनातील मोकळ्या विस्ताराला पुढे जॅझ हे नाव मिळाले. बडी बोल्डन (१८७७-१९३१) हा कॉर्नेटवादक या प्रारंभीच्या पिढीचा अग्रणी मानला जातो. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये निघाली. ती गोऱ्या वादकांची होती, हीही या इतिहासातील एक बोलकी बाब होय.

याच सुमारास हिंदुस्थानात काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. ईस्ट इंडिया कंपनी व नंतर ब्रिटिश सेनेच्या पलटणींबरोबर लष्करी बँड आले. बडोदा, म्हैसूर यांसारख्या संस्थानांनी पाश्चात्त्य धर्तीचे वाद्यवृंद दरबारी बाळगले. पूर्वी ज्याप्रमाणे नौबत हे राजसत्तेचे चिन्ह होते, त्याप्रमाणे आता बँड हे चिन्ह झाले. दरबाराचे अनुकरण प्रतिष्ठित घराण्यांनी केले आणि त्यांचे अनुकरण इतरांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहरांत खासगी बँड पथके निघू लागली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, सॅक्सोफोन, पडघम आणि मोठा ढोल असा त्यांचा सरंजाम असे. पुण्यात प्रभात व दरबार यांसारखी पथके गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत नावारूपाला आली.

या दोन इतिहासांतील साम्य केवळ वाद्यांपुरते नाही. दोन्हीकडे सत्तेच्या संचलनाचे वाद्य समाजाच्या तळाशी ठेवलेल्या माणसांनी हाती घेतले. दोन्हीकडे त्यांनी लिखित स्वरलिपीपेक्षा कानावर अधिक भिस्त ठेवली. दोन्हीकडे हे संगीत मिरवणुकीच्या रस्त्यावर वाढले आणि दोन्हीकडे ते ऐकणाऱ्यांनी वादकाला मात्र दूर ठेवले. भेद आहे तो पुढील वाटचालीत. न्यू ऑर्लिन्सचा बँड रस्त्यावरून सभागृहात गेला आणि जगन्मान्य कलाप्रकार ठरला. भारतीय बँड लग्नाच्या हंगामाशी बांधलेला राहिला आणि त्याला कलेचा दर्जा क्वचितच मिळाला.

५. मुंबई, गोवा आणि जॅझ

मुंबईत जॅझ स्थिरावले ते तारांकित हॉटेलांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताज महाल हॉटेलात आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांसारखे वादक आले. स्वदेशात वर्णभेदामुळे ज्यांना मागच्या दाराने हॉटेलात प्रवेश करावा लागे, ते मुंबईत प्रमुख आकर्षण ठरले.

या पाहुण्या वादकांकडून जॅझ आत्मसात केले ते मुख्यतः गोमंतकीयांनी. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. उपजीविकेसाठी मुंबईस येणाऱ्या गोमंतकीय तरुणाजवळ हे शिक्षण भांडवल म्हणून असे. हळदोणे येथे जन्मलेला आंतोनियु शाव्हिएर वाझ हा ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे याच परंपरेतील होत. कॅथलिक समाजाच्या विवाहसमारंभात असा नृत्यवृंद हा अविभाज्य भाग होता. म्हणजे जॅझ हे भारतात विवाहाचे संगीत म्हणून प्रथमच योजले जात आहे, असे नाही. गोवा व मुंबईतील एका समाजासाठी ती जुनीच रीत आहे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रजीवन आकसले. याच काळात हिंदी चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदाची गरज होती. स्वरलिपी जाणणारे, संयोजन करणारे आणि कोणत्याही शैलीत वाजवू शकणारे गोमंतकीय वादक चित्रपटसृष्टीत स्थिरावले.

६. जॅझ वरातीत कसे पोहोचले?

या संक्रमणातील महत्त्वाचा मराठी दुवा म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, अर्थात रामचंद्र नरहर चितळकर (१९१८-१९८२). पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे त्यांचा जन्म झाला. विनायकबुवा पटवर्धनांच्या परंपरेत त्यांनी शास्त्रीय गायनाचे शिक्षण घेतले होते. चिक चॉकलेट हा त्यांचा निकटचा सहकारी. १९४७ च्या ‘शहनाई’ या चित्रपटात त्यांनी पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका हिंदी गाण्यात मुरवला. ज्या वाद्याच्या नावाने चित्रपट निघाला त्या वाद्याच्या जगापासून हे गाणे पुष्कळ दूर होते आणि तरीही ते लोकांनी उचलून धरले. १९५१ च्या ‘अलबेला’ने हा प्रवाह आणखी रुंद केला. त्याचे नायक-दिग्दर्शक भगवानदादा पालव हे मुंबईच्या गिरणगावातून आलेले. त्यांच्या नाचाची साधी, ठेक्यावर डुलणारी ढब पुढे वरातीतील नाचाची जणू सर्वमान्य पद्धतच होऊन बसली.

लग्नाच्या बँडचा संग्रह प्रामुख्याने चित्रपटगीतांचा असतो, हे बूथ यांच्या अभ्यासावरून स्पष्ट होते. लोकप्रिय गाणे ऐकून बँडमास्तर ते क्लॅरिनेटवर किंवा ट्रम्पेटवर बसवी आणि पुढच्या हंगामात ते वरातीत वाजे. परिणामी न्यू ऑर्लिन्सहून ताजमध्ये, ताजमधून ध्वनिमुद्रण गृहात, तेथून चित्रपटगृहात आणि शेवटी गावच्या रस्त्यावर असा या स्वरांचा प्रवास झाला. डोंगरी भागातील वरातीत पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाचणाऱ्यांना जॅझ हा शब्द ठाऊक नसेल. पण त्याचा ठेका त्यांच्या पायांना ठाऊक होता, असे म्हणण्यास आधार आहे. लष्करी बँडपासून फुटलेल्या दोन शाखा अशा रीतीने वरातीत पुन्हा एकत्र आल्या.

७. लहान विवाहाची परंपरा

विवाह लहान असावा हा विचारही आयात केलेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुरोहिताविना, अल्प खर्चात आणि वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांनी होणारा हा विवाह कर्जबाजारीपणावरचा उपायही होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विवाहपद्धतीने त्रिशरण-पंचशीलाच्या साध्या विधीला प्रतिष्ठा दिली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाहाचा मार्ग प्रशस्त केला.

कायद्याच्या दृष्टीने विवाहाच्या वैधतेसाठी संगीताची आवश्यकता नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम रूढ विधींचा व सप्तपदीचा उल्लेख करते, वाद्यांचा नाही. एप्रिल २०२४ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा सोहळा नसून गंभीर संस्कार आहे, अशा आशयाचे मत नोंदवले. तरीही लोकव्यवहारात वाद्याविना विवाह सुना मानला जातो. सत्यशोधकांनी पुरोहित नाकारला, मंगलाष्टके मात्र नव्याने रचली. म्हणजे सुधारणेलाही सुराची गरज भासली, हे विसरता येत नाही.

लहान विवाहाचा सक्तीचा अनुभव महाराष्ट्राने करोना साथीत घेतला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांनुसार विवाहास जास्तीत जास्त २५ जणांची उपस्थिती, दोन तासांची मुदत आणि नियमभंगास ५०,००० रुपये दंड अशी तरतूद होती. या काळात वराती थांबल्या आणि बँड पथकांचा हंगाम बुडाला. निर्बंध उठल्यावर मोठे विवाह परतले. परंतु काही कुटुंबांना लहान विवाहाची गोडी लागली ती कायम राहिली. वादकांच्या दृष्टीने हा बदल दुधारी आहे. लहान विवाहात वरात नसते, वरात नसली की बँड नसतो आणि मग संगीत म्हणजे भ्रमणध्वनीला जोडलेला ध्वनिक्षेपक एवढेच उरते. सनईच्या बाबतीत हे पूर्वीच घडलेले आहे. अनेक मंगल कार्यालयांत उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) यांची ध्वनिमुद्रित सनई लागते आणि दाराशी बसणारा सनईवाला दिसेनासा होतो.

८. निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे लहान विवाहासाठी जॅझची निवड करताना पुढील निकष विचारात घ्यावे लागतात.

पहिला निकष कार्याचा. मुहूर्ताचा क्षण अधोरेखित करण्यासाठी जॅझ योजण्याची आवश्यकता नाही. ते काम सनई अधिक नेमकेपणाने करते आणि कानाला त्याची शतकांची सवय आहे. जॅझची जागा चौथ्या कार्यात, म्हणजे बसून ऐकण्यात व पाहुण्यांच्या स्वागतात आहे. भोजनाच्या वेळी किंवा संध्याकाळी ४०-५० लोकांच्या बैठकीत पियानो किंवा गिटार, डबल बास आणि सॅक्सोफोन असा तीन वादकांचा संच पुरेसा होतो. मिरवणूक असेल तर न्यू ऑर्लिन्स पद्धतीचा बँड सुसंगत ठरेल. पण मग गावचा बँडही तितकाच सुसंगत आहे.

दुसरा निकष शब्दांचा. जॅझमधील पुष्कळ लोकप्रिय गीते विरह, वंचना आणि एकाकीपणाची आहेत. चाल गोड म्हणून गीत मंगल असतेच असे नाही. त्यामुळे शब्दविरहित वाद्यरचना निवडणे श्रेयस्कर ठरते. ड्यूक एलिंग्टन यांची १९३५ मधील ‘इन अ सेंटिमेंटल मूड’ ही संथ रचना किंवा डेव्ह ब्रुबेक चतुष्टयाने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली, पॉल डेस्मंड यांची पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ ही उदाहरणे देता येतील. ब्रुबेक यांनी १९५८ मध्ये आणि एलिंग्टन यांनी १९६३ मध्ये भारताचा दौरा केला होता. पाच मात्रांचा हिशोब झपतालाची सवय असलेल्या श्रोत्याला अवघड वाटण्याचे कारण नाही.

तिसरा निकष काळवेळेचा. विवाह घड्याळावर चालत नाही. वऱ्हाड उशिरा येते, मामा वधूला घेऊन येण्यास वेळ लावतो, मंगलाष्टकांत कोणी आणखी दोन कडवी जोडतो. जिवंत वादक हे पाहत असतो आणि आपले वादन लांबवतो किंवा आवरते घेतो. सनईवाल्याची उपज आणि जॅझवादकाचा तात्कालिक विस्तार यांचे नाते येथे दिसते. दोघेही प्रसंगाकडे पाहून वाजवतात. ध्वनिमुद्रणाला डोळे नसतात.

चौथा निकष आवाजाचा व कायद्याचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे मनाई आहे. दऱ्याखोऱ्यांत आवाज दूरवर घुमतो. वाड्यावस्त्यांवरील माणसे, गुरे आणि पाखरे यांना तो सोसावा लागतो. ध्वनिवर्धकाविना वाजणारा लहान संच या दृष्टीने उचित होय. स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात विवाहाशी संबंधित सामाजिक समारंभातील संगीतप्रयोगास सूट असल्याने त्या बाजूने अडचण संभवत नाही.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष वादकाच्या स्थानाचा. जॅझवादकाला कलावंत म्हणून पाहुण्यांच्या पंगतीत बसवायचे आणि त्याच समारंभात हलगीवाल्याला फाटकाबाहेर उभे करायचे, असे घडले तर निवड आधुनिक आणि व्यवस्था जुनीच राहते. दोघांच्या वाद्यांची वंशावळ आणि दोघांच्या पूर्वजांनी सोसलेली उपेक्षा ध्यानात घेतली तर हा भेद समर्थनीय ठरत नाही. गावच्या बँडमध्ये सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट वाजवणारी माणसे असतात. त्यांना संथ लयीत, थोड्या श्रोत्यांसमोर, बसून वाजवण्याची संधी क्वचितच मिळते. लहान विवाह ही ती संधी ठरू शकते.

निष्कर्ष

१) भोर-वेल्हे परिसरातील विवाहसंगीत हे कार्यानुसार विभागलेले होते आणि ते कोणी वाजवायचे हे दीर्घकाळ जन्माने ठरत होते. वाद्यांची खरी निवड वतनव्यवस्था सैल झाल्यावरच शक्य झाली.

२) लग्नाचा बँड आणि जॅझ यांचे मूळ लष्करी वाद्यवृंदात आहे. गोमंतकीय वादक व सी. रामचंद्रांसारखे संगीतकार यांच्याद्वारे जॅझचे संस्कार वरातीपर्यंत पोहोचले. सबब या परिसरातील विवाहात जॅझ पूर्णतः परके ठरत नाही.

३) लहान विवाहाला सत्यशोधक परंपरेचा भक्कम आधार आहे. त्या परंपरेचा गाभा खर्चकपातीइतकाच माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. म्हणून लहान विवाहातील संगीताची कसोटी शैली ही नसून वादकाला मिळणारे स्थान ही होय.

४) ध्वनिमुद्रित संगीताने वादकाची गरजच संपुष्टात येत असल्याने बँड व सनई वादकांच्या स्मृती, त्यांचे वाद्यसंग्रह आणि शिकण्याच्या पद्धती यांचे दस्तऐवजीकरण तातडीने होणे आवश्यक आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व संगीत विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मौखिक इतिहासाचे असे प्रकल्प हाती घ्यावेत. जात्यावरच्या ओव्या जपल्या गेल्या, कारण कोणीतरी त्या ऐकण्यासाठी वेळीच जात्यापाशी जाऊन बसले. मांडवाबाहेर उभ्या असलेल्या वादकापाशी जाऊन बसण्याचे काम अद्याप बाकी आहे.